धबधबा बघायला निघालात? आधी वरचा पाऊस बघा!

(आमच्या ग्रामीण प्रतिनिधीकडून)

भाताची लावण उरकली, बेंदूर झाला, सोयाबीनची पहिली भांगलण हातावेगळी झाली, की घराघरांत एकच विषय निघतो. "आबा, औंदा ठोसेघरला जाऊया की!" नातू हट्ट धरतो. "जाऊया, पण जरा उघडीप पडू दे," आबा म्हणतात. आबांच्या या एका वाक्यात सहलीचे सगळे नियोजन आले. पण गाडी दारात उभी राहिली की ते कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि घात तिथेच होतो.

सातारा शहरापासून ठोसेघर सुमारे पंचवीस किलोमीटर. बोगद्यातून बाहेर पडले की डोंगराची वाट लागते. वाटेत सज्जनगड आणि त्याच्या पायथ्याला उरमोडी धरणाचे पाणी दिसते. पुढे बोरणे घाट चढला की गार वारा आणि धुके अंगावर येते. ठोसेघरला तारळी नदीच्या खोऱ्यातले पाणी कड्यावरून खोल दरीत उडी घेते. हीच तारळी पुढे पाटण तालुक्यातून वाहत जाऊन उंब्रजजवळ कृष्णेला मिळते. तिच्या धरणाचे पाणी उचलून खटाव-माणच्या शिवारापर्यंत नेण्याची योजना आहे. त्यामुळे टँकरच्या खेपा मोजत उन्हाळा काढणाऱ्या माण-खटावच्या माणसाला हे पडते पाणी बघणे म्हणजे देवदर्शनच वाटते. त्याने जरूर जावे. पण बेत आखून जावे.

कधी जावे?

जूनच्या मध्यावर पाऊस धरला की धबधबा सुरू होतो. मात्र आषाढातल्या मुसळधार पावसात गेलेले पुष्कळ जण नुसता आवाज ऐकून परत येतात. धुके इतके दाट असते की समोरचा कडाही दिसत नाही. श्रावण-भाद्रपदात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की पाणीही भरपूर असते आणि दिसतेही नीट. दिवाळीनंतर धार बारीक होते, तेव्हा खास धबधब्यासाठी जाण्यात अर्थ नाही.

शनिवार-रविवार शहरी पाहुण्यांचा. घाटात गाड्यांची रांग लागते. शेतकऱ्याला वाराचे बंधन नाही, त्याने मधला वार धरावा. सकाळी लवकर निघावे, म्हणजे वाटेत सज्जनगडावर समर्थांच्या समाधीचे दर्शनही होते आणि अंधाराच्या आत घाट उतरता येतो. एस.टी.ने जाणाऱ्याने परतीची शेवटची गाडी साताऱ्याच्या स्थानकावरच विचारून घ्यावी. भाकरी बांधून न्यावी, कोरडे कपडे न्यावेत. चप्पल गुळगुळीत तळाची नको. रानात घालतो तीच पकड असलेली पादत्राणे बरी.

आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा ऐकावा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. अशा वेळी जिल्हाधिकारी पर्यटनस्थळे बंद ठेवण्याचा आदेशही काढतात. ऑगस्ट २०२४ मध्ये असाच आदेश असताना या बाजूला माणसे फिरायला आली आणि बोरणे घाटात फोटो काढताना एक तरुणी दरीत कोसळली. दोर लावून तिला वर काढावे लागले. जीव वाचला, हे नशीब. दरवेळी नशीब साथ देत नाही.

ओढ्याला लावता ती अक्कल धबधब्याला लावा

शेतकऱ्याला पाणी कळते. आपल्या गावच्या ओढ्यात वरून गढूळ लोंढा येताना दिसला की बैलगाडी अलीकडेच थांबवणारा माणूस तो. "वर पडलाय, थोडं थांबा," असे आपणच दुसऱ्याला सांगतो. मग परक्या गावच्या पाण्यापाशी गेल्यावर ही अक्कल कुठे जाते?

ठोसेघर-चाळकेवाडीच्या माथ्यावर खडकाळ सडा आहे. मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी मुरत नाही, पडले की धावते. आपण उभे असतो तिथे ऊन असते आणि चार किलोमीटर वर ढग मोकळा होतो. थोड्या वेळात घोट्याएवढे पाणी मांडीला लागते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते असेच. पाणी वाढले तेव्हा ते प्रवाहाच्या मधोमध होते आणि बाहेर पडायला वाट राहिली नाही.

खुणा आपल्या ओळखीच्याच आहेत. नितळ पाणी एकदम तांबूस होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणे, पाण्याचा आवाज जड होणे. यातली एक जरी दिसली तरी सामान गोळा करत बसू नये, पोरांना घेऊन आधी काठ गाठावा. धबधब्याच्या खालच्या डोहात पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. वरून पडणारे पाणी माणसाला तळाशी दाबते आणि भोवरा बाहेर येऊ देत नाही. कड्यावरच्या शेवाळाचा भरवसा नाही. ठोसेघरला समोरून धबधबा बघण्यासाठी कठडे लावलेली जागा केलेली आहे. कठडा ओलांडून पुढे गेल्याने धबधबा मोठा दिसत नाही. काही घडलेच तर ११२ वर फोन करावा, रुग्णवाहिकेसाठी १०८. घाटात सगळीकडे मोबाईलला रेंज असेलच असे नाही, म्हणून कुठे निघालो ते घरी सांगून जावे.

गावाने काय करावे?

आता दुसरी बाजू. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात नाव झालेले आणि न झालेले कितीतरी धबधबे आहेत. एखाद्याचे चित्र मोबाईलवर फिरले की पुढच्या रविवारी त्या वाडीत शे-दोनशे गाड्या येतात. बांधावर गाड्या लागतात, लावलेल्या खाचरातून माणसे चालतात. काचेच्या बाटल्या ओढ्यात पडतात, त्या फुटून खालच्या खाचरात येतात आणि चिखलात उतरलेल्या माणसाचा, बैलाचा पाय कापतात. दरीत कुणी पडला तर दोर घेऊन पहिल्यांदा धावतात तीही गावचीच पोरे. म्हणजे मजा पाहुण्याची आणि निस्तरायचे गावाने.

पण यात्रेचा बंदोबस्त गावाला शिकवावा लागत नाही. यात्रेला गाड्या कुठे लावायच्या, पाळणा कुठे, पाणी कुठे, रात्री कोण जागायचे, हे महिनाभर आधी बैठकीत ठरते. पावसाळ्यातला रविवार ही आता यात्राच आहे. मग त्याची बैठक ज्येष्ठातच का होऊ नये?

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांनी एवढे तरी ठरवावे. गाडीतळाची जागा शेताबाहेर नेमावी. फी घ्यायची तर सभेत ठराव हवा, छापील पावती हवी आणि हिशेब ग्रामसभेपुढे हवा. पावतीवाचून घेतलेला पैसा गावात भांडण लावतो. धोक्याच्या जागी ठळक अक्षरांत फलक लावावा. वरच्या वाडीत एक माणूस नेमावा, त्याने पाणी वाढल्याचे फोनवर कळवावे आणि खाली शिट्टी वाजवून माणसे बाहेर काढावीत. जाड दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब हाताशी असाव्यात. याला खर्च फारसा नाही, मेळ मात्र हवा.

जागा वनखात्याची असेल तर टपरी टाकण्याआधी खात्याशी बोलावे. संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा मार्ग खुला आहे. ठोसेघरला आणि फुलांच्या हंगामात कास पठारावर गावकरी व वनखाते मिळूनच व्यवस्था पाहतात. कासला तर गर्दी आवरण्यासाठी आगाऊ नोंदणीची पद्धत आहे. पाहुण्याला पिठलं-भाकरी, नाचणीची भाकरी घालून दोन पैसे मिळवू पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली मंजूर झाले आहे. किमान एक एकर शेती असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. वाडीतल्या बायाबापड्यांना घरबसल्या उत्पन्न मिळेल ते अशाने.

पाऊस उघडला की जरूर जा, पोराबाळांना पाणी दाखवा. वर पाऊस दिसला तर घाटाच्या अलीकडूनच माघारी फिरा. धबधबा कुठे पळून जात नाही. पुढच्या आठवड्यातही तो तिथेच असतो, आपणही असलो म्हणजे झाले.