पहिला एसएलआर कॅमेरा आणि त्याच्या लेन्स : खरेदीआधीचा हिशेब

इंटर्नशिपचे पहिले पैसे हातात आले, की आमच्या चंडीगडच्या महाविद्यालयातले दोन-चार विद्यार्थी तरी दरवर्षी विचारतात, "सर, कोणता कॅमेरा घेऊ?" या प्रश्नाला मॉडेलचे नाव हे उत्तर नाही. मी उलट विचारतो, "कशाचे फोटो काढणार?" बहुतेकांचे उत्तर "सगळ्याचे" असे असते. मग दुकानदार दोन लेन्सचा संच गळ्यात घालतो. त्यातली लांब लेन्स महिन्याभरात कपाटात जाते आणि स्नेहसंमेलनातले फोटो पूर्वीसारखेच हललेले येतात. एवढ्या पैशात वर्षभराची मेस भागली असती, म्हणून हा हिशेब कागदावर करणे गरजेचे आहे. त्याला दहावीतले बहिर्वक्र भिंग आणि समरूप त्रिकोण पुरतात.

एसएलआर म्हणजे नक्की काय?

ज्या लेन्समधून फोटो निघतो त्याच लेन्समधून तुम्ही दृश्य पाहता, म्हणून हा 'एका लेन्सचा' कॅमेरा. आत ४५ अंशांत बसवलेला आरसा प्रकाश वर वळवतो, वरचा पंचकोनी लोलक प्रतिमा सुलटी करून डोळ्यापर्यंत आणतो. स्वस्त मॉडेलांत लोलकाऐवजी आरशांची जोडणी असते, त्यामुळे दृश्य थोडे अंधारे दिसते. बटण दाबल्यावर आरसा उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तो 'खटक्'चा आवाज या दोघांचा.

याआधीच्या रोलीफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांत पाहायची लेन्स वेगळी आणि फोटोची वेगळी असे. ल कोर्बुझिएचे छायाचित्रकार लुसियाँ हेर्वे यांनी चंडीगडच्या इमारतींचे गाजलेले फोटो काढले, तेही रोलीफ्लेक्स वापरत आणि नंतर फोटो हवा तसा कापून घेत. त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलत नसे. एसएलआरमध्ये ती बदलता येते, आणि तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः या सोयीसाठी. म्हणून 'कोणती लेन्स' हा प्रश्न आधी आणि 'कोणती बॉडी' हा नंतर.

आज एसएलआर घ्यावा का, हेही स्पष्ट बोलू. कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये आरसा नसलेल्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट आणली, आणि त्यांचे नवे संशोधन आता तिकडेच चालते. कोरा कॅमेरा घेण्याइतके पैसे असतील तर मिररलेस पाहा. पण पैसे मोजके असतील, तर जुना डिजिटल एसएलआर आणि जुन्या लेन्स हा मला अजूनही सर्वांत शहाणपणाचा सौदा वाटतो. निकॉनची एफ माउंट १९५९ पासून आणि कॅननची ईएफ माउंट १९८७ पासून चालत आली आहे. त्यामुळे वापरलेल्या लेन्सचा बाजार मोठा आहे.

फ्रेममध्ये किती मावेल?

लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा म्हणजे तिचे नाभीय अंतर, दुकानातल्या भाषेत फोकल लेंग्थ. वस्तू बरीच दूर असेल तर प्रतिमा जवळजवळ नाभीपाशीच तयार होते, आणि समरूप त्रिकोणांवरून मिळते :

दृश्याची रुंदी = सेन्सरची रुंदी × वस्तूचे अंतर ÷ नाभीय अंतर

विद्यार्थ्यांच्या आवाक्यातल्या बहुतेक एसएलआरमध्ये एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. निकॉनमध्ये त्याची रुंदी सुमारे २३.५ मिमी आणि कॅननमध्ये सुमारे २२.३ मिमी. फुल फ्रेमची रुंदी ३६ मिमी असते. दुकानात ऐकू येणारा '१.५ क्रॉप' म्हणजे फक्त ३६ भागिले २३.५. लेन्स काही लांब होत नाही, फ्रेम लहान होते.

आता आमच्या शहरातले उदाहरण घेऊ. कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तिथले सचिवालय २५४ मीटर लांब आहे. १८-५५ मिमीच्या साध्या किट लेन्सने, १८ मिमीवर, ते पूर्ण बसवायला किती मागे जावे लागेल? २५४ × १८ ÷ २३.५, म्हणजे सुमारे १९५ मीटर. 'ही लेन्स उत्तम' म्हणून गाजणारी ५० मिमीची लेन्स लावलीत तर ५४० मीटर. सचिवालयाच्या पुढ्यात विधानसभेची इमारत आहे, त्यामुळे एवढे मागे सरकून अखंड दर्शनी बाजू मिळणे अवघडच. म्हणून इमारतींची आवड असेल, तर कॅननची १०-१८ किंवा निकॉनची १०-२० मिमी अशी रुंद लेन्स उपयोगी पडते. १० मिमीवर तेच अंतर १०८ मीटरवर येते.

सूत्रात एक गृहीतक दडले आहे : कॅमेरा वस्तूच्या मध्यासमोर, काटकोनात आहे. तिथलेच 'खुला हात' हे शिल्प घ्या, उंची २६ मीटर. (ते एका खोलगट चौकात उभे आहे, ती खोली इथे सोडून देऊ.) कॅमेरा उभा धरला तर १८ मिमीवर सूत्र २० मीटर अंतर देते. पण तुम्ही जमिनीवर उभे आहात, १३ मीटर उंचीवर नाही. कॅमेरा अगदी समतल ठेवला तर डोळ्याच्या वरचे सुमारे २४.५ मीटर फ्रेमच्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे ११.७५ मिमीत, बसवावे लागतात. त्यासाठी अंतर लागते साडेसदतीस मीटर, आणि खालची जवळजवळ अर्धी फ्रेम जमिनीने भरते. जवळूनच कॅमेरा वर वाकवला तर शिल्प मावते, पण उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. मंदिराचे शिखर असो की गावातला पाण्याचा टॉवर, हे सगळीकडे घडते. महागडी बॉडी घेऊन ते टळत नाही.

आता दुसरे टोक. सुखना तलाव १९५८ मध्ये बांध घालून तयार झाला आणि हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदके उतरतात. ६० सेंटिमीटर लांबीचे बदक ४० मीटरवर आहे असे धरा. ५५ मिमी लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा ०.६ × ५५ ÷ ४० = ०.८ मिमीच्या आसपास येते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रुंदीला ६००० पिक्सेल असतात, त्यातले बदकाच्या वाट्याला दोनशेच्या थोडे वर. ३०० मिमीने प्रतिमा ४.५ मिमी, पिक्सेल साडेअकराशेच्या घरात. पक्षी हवे असतील तर ५५-२५० किंवा ७०-३०० मिमी लेन्सला पर्याय नाही. आणि पक्षी नको असतील तर ती घेऊ नका, इतके सरळ आहे.

उजेडाचा प्रश्न

माझ्या मते पहिल्या खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष इथे होते. लेन्सवरचा एफ-आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. आकडा लहान तितके छिद्र मोठे, आणि आत येणारा प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० मिमीची साधी लेन्स एफ/१.८ ला उघडते. ५.६ ÷ १.८ चा वर्ग करा : ९.७. जवळजवळ दहापट उजेड!

सभागृहात नाटक चालू आहे. आयएसओ १६०० वर किट लेन्सला १/१५ सेकंद लागतो असे समजा. एवढ्या वेळात नटाचा हात हलतो आणि फोटोत पंखा होतो. एफ/१.८ ला तेवढाच उजेड साधारण १/१४५ सेकंदात मिळतो. लेन्समधली कंपनरोधक सोय (कॅननची आयएस, निकॉनची व्हीआर) इथे कामाची नाही, कारण ती तुमच्या हाताचे थरथरणे सावरते, नटाचे नाही. हा फरक समजून न घेता लोक 'स्टॅबिलायझर आहे ना' म्हणून निर्धास्त राहतात.

मोठ्या छिद्राची किंमतही असते. ५० मिमी, एफ/१.८, माणूस दोन मीटरवर : स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११-१२ सेंटिमीटर जाडीचा. डोळ्यावर फोकस केला तर कान धूसर. एफ/५.६ ला हाच पट्टा ३५ सेंटिमीटरच्या पुढे जातो. एकट्या माणसाच्या चित्राला पहिला बरा, मित्रांच्या घोळक्याला दुसरा.

म्हणून माझी शिफारस अशी : किट लेन्ससह जुनी बॉडी आणि जोडीला एफ/१.८ ची एक साधी लेन्स. वसतिगृहाच्या खोलीत, वर्गात, लग्नघरात ३५ मिमी सोयीची, कारण एपीएस-सीवर ५० मिमीने मागे सरकायला भिंत आड येते. चेहरेच काढायचे असतील तर ५० मिमी. तिसरी लेन्स सहा महिने तरी घेऊ नका. तोवर काढलेले दोनशे फोटो संगणकावर उघडा आणि माहितीच्या रकान्यात नाभीय अंतर पाहा. बहुतेक फोटो १८ वर असतील तर रुंद लेन्स हवी आहे, ५५ वर अडकले असतील तर लांब. मॉडेलांची तुलना करणाऱ्या व्हिडिओंपेक्षा हा आपलाच विदा जास्त सांगतो. क्लबचा कॅमेरा आठवडाभर मिळत असेल तर हे खरेदीआधीच करता येते.

मेगापिक्सेलबद्दल दोनच वाक्ये. ए-४ कागदावर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला सुमारे ८.७ मेगापिक्सेल पुरतात. म्हणजे दहा-बारा वर्षे जुना १६ किंवा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा तुम्हाला कमी पडणार नाही.

लेन्स बसते, पण चालते का?

जुन्या बाजारात पैसे बुडतात ते इथे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. एएफ-डी प्रकारची स्वस्त ५० मिमी त्यांच्यावर बसते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. तिथे एएफ-एस लेन्स हवी. उलट, डी९० किंवा डी७००० सारख्या बॉडीत मोटर असते, पण नव्या एएफ-पी लेन्स त्यांच्यावर फोकसच करत नाहीत. कॅननचे गणित सोपे : ईएफ लेन्स सगळ्या ईओएस डिजिटल एसएलआरवर चालते, ईएफ-एस फक्त एपीएस-सी बॉडीवर.

पुढे मिररलेसकडे जायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. कॅननच्या ईएफ आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरने नव्या बॉडीवर आपोआप फोकस करतात. एएफ-डीला निकॉनच्या अ‍ॅडॅप्टरवर ती सोय नाही.

जुना कॅमेरा तपासताना

दुकानात भरपूर उजेड असेल अशा वेळी जा आणि स्वतःचे मेमरी कार्ड न्या. लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. धुळीचे दोन कण चालतात, बुरशी चालत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वाढलेल्या लेन्समध्ये ही शक्यता जास्त, म्हणून तिकडून मागवताना विक्रेत्याकडून टॉर्चचा व्हिडिओ आधी मागा.

मग एफ/२२ ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल. ती साफ करता येते, पण भाव करताना उपयोगी पडते. शटर किती वेळा चालले आहे ते पाहा. साध्या निकॉन बॉडीचे शटर एक लाख वेळांपर्यंत तपासलेले असते आणि निकॉनच्या फोटोतल्या माहितीत हा आकडा मिळतो. कॅननच्या बहुतेक बॉडीत तो फोटोत नसतो, वेगळे सॉफ्टवेअर लागते. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून सर्वांत मोठ्या छिद्राला फोटो काढा आणि चारही कोपरे वाचता येतात का पाहा. एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स बहुधा पडलेली आहे. बिलावरचा क्रमांक बॉडीच्या तळाच्या क्रमांकाशी जुळवा. बिल नसेल तर कितीही स्वस्त असो, परत या. चोरीचा माल गळ्यात पडू शकतो.

पैसे देताना एक बॅटरी आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी यांचे पैसे बाजूला ठेवा. उत्तरेत राहणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यातून खोलीत येताना कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी. म्हणजे पाण्याचे थेंब पिशवीवर जमतात, लेन्सवर नाही.