रेनकोट घालूनही बाइकवर आपण का भिजतो? नवा घेण्याआधी या जागा तपासा

पावसाळ्यातली सकाळ. तुम्ही बाइकवरून ऑफिसला पोहोचता, पार्किंगमध्ये रेनकोट काढता. शर्ट बऱ्यापैकी कोरडा असतो, पण पँट नेमकी नको तिथे ओली. मग दिवसभर खुर्चीवरून उठायची चोरी. संध्याकाळी घरी जाताना तोच ओलसर रेनकोट पुन्हा अंगावर.

हे झालं की आपण दोनच निष्कर्ष काढतो. एक, "स्वस्तातला घेतला म्हणून गळला." दोन, "पुढच्या वर्षी चांगला महागातला घेऊ." आणि पुढच्या वर्षी महागातला घेऊनही तीच जागा ओली होते.

कारण गडबड फक्त किमतीत नसते. चालणाऱ्या माणसाचा रेनकोट आणि बाइकवाल्याचा रेनकोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण खरेदी करताना विसरतो.

बाइकवाल्यासाठी पाऊस वरून पडत नाही

पावसाचा मोठा थेंब जमिनीकडे येतो तो ताशी साधारण ३० किलोमीटर वेगाने. तुमची बाइक ताशी ५० ने पळत असेल, तर तुमच्या दृष्टीने तो थेंब वरून कमी आणि समोरून जास्त येतो. म्हणून पावसात गाडी चालवताना डोक्यापेक्षा छाती, गळा, मनगटं आणि गुडघे आधी भिजतात.

छातीवर आपटलेलं पाणी खाली ओघळतं आणि मांड्यांच्या मध्ये, सीटवर साचतं. तिथे छोटंसं डबकंच तयार होतं. त्या डबक्यावर तुम्ही अर्धा-पाऊण तास बसून असता, आणि नेमकी त्याच जागी रेनकोटच्या पँटच्या चार शिवणी एकत्र येतात.

आता कळलं ना पाणी कुठून आत येतं?

कापड नाही, शिवण गळते

रेनकोटचं कापड सहसा प्लास्टिकचं असतं किंवा त्याला प्लास्टिकचा थर दिलेला असतो. नवं असताना त्यातून पाणी सहज येत नाही. पण कापड शिवायचं म्हणजे सुईने शेकडो भोकं पाडायची. ती भोकं बंद करायला आतल्या बाजूने शिवणीवर एक पट्टी गरम करून चिकटवतात. तिला सीम टेप म्हणतात.

दुकानात रेनकोट उलटा करा. शिवणींवर बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी दिसली पाहिजे. बरेच स्वस्त रेनकोट खांद्याला पट्टी देतात आणि पँटला देत नाहीत. तुम्ही मात्र आधी पँटच बघा. दोन पायांच्या मधली शिवण बोटाने चाचपा. पट्टी सलग आहे का, कोपऱ्यात उचललेली तर नाही ना, हे बघा. काही पँटमध्ये सीटच्या जागी एकच सलग तुकडा लावतात आणि शिवण मागे किंवा बाजूला सरकवतात. अशी पँट मिळाली तर उत्तम.

साध्या प्लास्टिकच्या रेनकोटमध्ये कधी कधी दोरा नसतोच, जोड उष्णतेने चिकटवलेले असतात. ते पाणी चांगलं अडवतात. पण पाय टाकून गाडीवर बसताना ताण आला की जोड उसवायचा धोका असतो, म्हणून अशी पँट ढगळच घ्यावी.

लेबलवरच्या '५००० एमएम'चा अर्थ काय?

ऑनलाइन रेनकोट बघताना ३०००, ५०००, १०,००० असे आकडे दिसतात. अर्थ सोपा आहे. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला, तर किती मिलिमीटर उंचीपर्यंतच्या पाण्याचा दाब ते कापड सहन करतं, तो हा आकडा. ५००० म्हणजे पाच मीटर उंच पाणी.

नुसत्या पडणाऱ्या पावसाला एवढी गरज नसते. पण बसलेल्या माणसाचं वजन हाही दाबच. ६० किलोचा माणूस साधारण फूटभर लांब-रुंद जागेवर बसतो, म्हणजे ढोबळ हिशेबाने अर्ध्या मीटरहून जास्त उंच पाण्याइतका दाब. तोही सरासरी. बसायच्या हाडांखाली तो कितीतरी जास्त असतो, आणि खड्ड्यात गाडी आपटली की आणखी वाढतो.

त्यामुळे शहरातल्या रोजच्या प्रवासाला ५००० च्या आसपासचं कापड पुरतं. रोज तासापेक्षा जास्त किंवा घाटातला प्रवास असेल तर १०,००० च्या जवळचं बघा. आकडा कापडाचा आहे, शिवणीचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. १०,००० च्या कापडावर पट्टी नसेल तर तो आकडा कामाचा नाही. आणि लेबलवर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलं असेल तर ते हलक्या सरीपुरतं. तुम्हाला 'वॉटरप्रूफ' हवं आहे.

मग किती पैसे घालायचे?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला, पीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचा. तीनशे ते सहाशेच्या आसपास. पाणी आत येत नाही, पण घामही बाहेर जात नाही. घडी पडते तिथे कडक होऊन चिरतो. रोज पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासाला चालून जातो.

दुसरा, नायलॉन किंवा पॉलिस्टरला आतून थर दिलेला, हजार ते दोन हजारांच्या घरातला. हलका, डिकीत मावणारा, वाळायला सोपा. रोज बाइक चालवणाऱ्या बहुतेकांसाठी हाच योग्य. फक्त शिवणी बघून घ्या.

तिसरा, खास रायडिंगचा. त्याहून महाग. कापड जाड, सीटची जागा मजबूत, रिफ्लेक्टर मोठे. लांबचे प्रवास करणाऱ्यांना तो परवडतो.

पार्सल पोचवण्याच्या कामामुळे दिवसभर गाडीवर असाल, तर एका महागड्या सेटऐवजी मधल्या किमतीचे दोन सेट घेणं शहाणपणाचं. एक वाळत असताना दुसरा घालता येतो. ओले कपडे तासन्‌तास जांघेत घासत राहिले की नायटा आणि खाज मागे लागते. डॉक्टर आणि मलमाचा खर्च रेनकोटहून जास्त होतो.

'ब्रीदेबल'साठी जादा पैसे द्यावेत का?

पाणी अडवायचं पण घामाची वाफ बाहेर सोडायची, असा पातळ पडदा काही कापडांत असतो. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या पदार्थापासून बनलेलं गोअर-टेक्स हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. कल्पना उत्तम आहे. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैमध्ये मुंबई-कोकणात बाहेरची हवाच ओलीचिंब आणि उबदार असते. त्यामुळे तिथे या पडद्याचा फायदा बराच कमी होतो.

रोजच्या वापराला त्यापेक्षा पाठीवर झाकलेली खिडकी आणि आतून जाळी असलेला साधा रेनकोट बरा. झाकण असल्याने पाणी जात नाही, आणि गाडी पळताना थोडी हवा खेळते.

दुकानात उभं राहून नाही, बसून बघा

उभ्याने अगदी मापात बसणारा रेनकोट गाडीवर बसलं की आखूड होतो. हात पुढे केले की बाह्या वर सरकतात, गुडघे वाकले की पँट घोट्याच्या वर जाते. म्हणून खुर्चीवर बसा, हँडल धरल्यासारखे हात पुढे करा आणि मग बघा.

बाही मनगट झाकते का? आत इलॅस्टिक आणि बाहेर वेल्क्रो असेल तर वाऱ्याने पाणी बाहीत चढत नाही. पँट बुटावर येते का? ती बुटात खोचली तर सगळं पाणी थेट बुटात उतरतं. समोरच्या चेनवर झाकणाची दुहेरी पट्टी आहे का? कारण पाऊस समोरून येतो. कॉलर उंच आहे का? हेल्मेटवरचं पाणी मानेवरच गळतं.

गळ्याला सुती ओढणी किंवा रुमाल गुंडाळत असाल तर सावध. दिव्याची वात तेल ओढते तसं ते कापड बाहेरचं पाणी आत ओढतं. ओढणी पूर्ण रेनकोटच्या आत घ्या. टोपीही हेल्मेटखाली घालू नका. हेल्मेट नीट बसत नाही आणि मान वळवून मागे बघता येत नाही. पाठीवर मोकळी सोडलीत तर तिची बादली होते. काढता येणारी किंवा कॉलरमध्ये घडी होणारी टोपी सगळ्यात चांगली.

भिजण्यापेक्षा मोठे धोके

केपसारखा मोकळा पोंचो गाडीवर घालू नका. त्याची कड वाऱ्याने उडून मागच्या चाकात किंवा साखळीत अडकू शकते. लांब रेनकोटच्या टोकांचंही तेच.

ढगळ पँटचा पाय सायलेन्सरला लागला तर प्लास्टिक वितळून चिकटतं. घोट्याला वेल्क्रो किंवा बटण हवंच. मागे बसणाऱ्यालाही हे सांगा.

आणि रंग. आपल्याकडे दुकानं काळ्या आणि नेव्ही ब्लू रेनकोटनी भरलेली असतात. मळखाऊ म्हणून घेतोही आपण. पण मुसळधार पावसात, ट्रकच्या आरशात काळा रेनकोट दिसतच नाही. दिवसा भडक पिवळा किंवा नारिंगी रंग उठून दिसतो, रात्री रिफ्लेक्टरची पट्टी. पाठीवर सॅक असेल तर रेनकोटवरची पट्टी झाकली जाते, म्हणून सॅकच्या कव्हरवरही पट्टी हवी. गडद रेनकोट आधीच घेतला असेल, तर चिकटवायची रिफ्लेक्टर टेप थोड्या पैशात मिळते.

मगभर पाण्याची परीक्षा

नवी पँट बाथरूममध्ये पूर्ण उलटी करा, म्हणजे बाहेरची बाजू आत येईल. दोन पायांच्या मधला भाग झोळीसारखा धरा आणि त्यात मगभर पाणी ओता. दहा मिनिटं थांबा. खालून थेंब आले तर पँट गाडीवरही गळणार. ओली वस्तू परत घेतात का, हे मात्र आधी दुकानदाराला विचारा.

जुनी पँट गळत असेल तर लगेच टाकू नका. शिवणीवर आतून लावायचा सीम सीलर मिळतो. स्वच्छ, कोरड्या शिवणीवर लावून रात्रभर वाळू द्या.

अजून एक जागा बघा, तुमच्या गाडीचं सीट. कव्हर फाटलेलं असेल तर आतला फोम रात्रभर पाणी पितो आणि तुम्ही बसलात की ते वर सोडतो. अशा वेळी दोष रेनकोटचा नसतोच. आधी सीट कव्हर बदला.

टिकवायचा कसा?

ओला रेनकोट डिकीत कोंबून ठेवला की वास येतो आणि पट्ट्या सुटतात. घरी आल्यावर सावलीत लटकवा. वॉशिंग मशीन आणि इस्त्री नको, ओल्या फडक्याने पुसणं पुरे. पावसाळा संपल्यावर पूर्ण वाळवून, प्लास्टिकच्या रेनकोटला थोडी टाल्कम पावडर लावून सैल घडीत ठेवा.

आणि शेवटचं. पाऊस सुरू झाल्यावर उड्डाणपुलाखाली, वळणावर, भर रस्त्यात थांबून रेनकोट घालणाऱ्यांची गर्दी आपण दरवर्षी बघतो. मागून येणाऱ्याला ती शेवटच्या क्षणी दिसते. आभाळ भरून आलं असेल तर रेनकोट घरूनच घालून निघा. फार तर थोडा घाम येईल.