वाटीत मैदा किती, हवा किती?

एक वाटी साखर मिक्सरमधून काढली की पिठीसाखर त्या वाटीत मावत नाही. सुमारे पावणेदोन वाट्या भरते. दिवाळीला नानकटाई करणाऱ्या घरांना हे ठाऊक असतं. वजन मात्र तेवढंच राहतं. वाढते ती कणांमधली हवा.

२४० मिलिलिटरच्या कपात साधारण २०० ग्रॅम साखर बसते. साखरेच्या स्फटिकाची घनता पाहिली (घन सेंटीमीटरला सुमारे १.५९ ग्रॅम), तर त्या कपातली निम्म्याहून किंचित जास्त जागा साखरेची आणि बाकीची हवेची निघते. मैद्याच्या कपात तर जवळपास दोन तृतीयांश हवाच असते. साखरेचा दाणा जड असल्यामुळे घरंगळत खालच्या फटीत जाऊन बसतो. मैद्याचा कण इतका हलका की स्वतःच्या वजनापेक्षा शेजारच्या कणाचं आकर्षण त्याच्यावर जास्त चालतं. भौतिकशास्त्रात त्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. कण एकमेकांना धरून राहतात आणि मधे पोकळ्या तयार होतात. डबा आपटला किंवा कप दाबून भरला की त्या मोडतात.

म्हणूनच चाळलेला मैदा चमच्याने अलगद भरला तर कपात ११५ ते १२० ग्रॅम मावतो, आणि तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक ६० ग्रॅमचा, म्हणजे सरळ अर्धा कप मैदा जास्त! मग केक कोरडा झाला की बिचाऱ्या ओव्हनला बोल लावले जातात.

कपही सगळीकडे एक नाही. अमेरिकेचा सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०चा, जपानचा २००चा. सपाट भरलेल्या कपाची शिस्त अमेरिकी घरांत रुजवण्यात फॅनी फार्मर यांच्या १८९६च्या पाकपुस्तकाचा मोठा वाटा होता. आपल्या वाटीला तर प्रमाणच नाही. तरी आजीचे लाडू बिघडत नाहीत, कारण तिथे सगळंच एका वाटीने आणि एकाच हाताने मोजलेलं असतं, गुणोत्तर टिकतं. पाककृतीत अंडं किंवा १०० ग्रॅम लोण्याची वडी आली की हा हिशेब मोडतो. अंडं काही वाटीबरोबर लहानमोठं होत नाही.

द्रव पदार्थांना कप चालतो, कारण ते दाबले जात नाहीत. फक्त एका द्रवाचे ग्रॅम दुसऱ्याला लावू नयेत: २४० मिलिलिटर पाणी २४० ग्रॅम, तेल सुमारे २२०, मध तब्बल ३४०.

सगळं वजनानेच करा, असा हट्टही बरा नव्हे. पाव चमचा सोडा साधारण सव्वा ग्रॅम भरतो. एकेक ग्रॅम दाखवणारा घरगुती काटा तिथे कुचकामी. सपाट केलेला मापाचा चमचाच खरा. मैदा, कोको आणि पिठीसाखर मात्र काट्यावरच घ्यावी.

घरातली वाटी एकदा मोजून ठेवा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग ती कोरडी करून आपल्या नेहमीच्या पद्धतीने मैदा भरा, वजन करा आणि दोन्ही आकडे पाककृतींच्या वहीत पहिल्याच पानावर लिहा.