रक्ताचे नाते कामाला येते तेव्हा

परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपास सकाळी गेलात, तर फुटपाथवर फायली आणि तपासण्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेली कुटुंबे दिसतात. कुणी रत्नागिरीहून आलेले, कुणी बीडहून, तर कुणी थेट बिहार-बंगालहून. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले. यांत ज्यांच्या घरात तीव्र ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर शिरला आहे, त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "पेशंटला सख्खी भावंडे किती?"

प्रश्न साधा आहे, पण तो ऐकून घर गप्प होते. कारण उत्तरामागे दुसरा प्रश्न असतो : देणार कोण?

या प्रश्नाचा भारतातला इतिहास याच परळमध्ये सुरू झाला. २० मार्च १९८३ रोजी टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि दाता होता तिचा सख्खा भाऊ. डॉ. अडवाणींना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला. अपंगत्वामुळे वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना आधी प्रवेशही नाकारला होता. चाकांच्या खुर्चीतूनच ते डॉक्टर झाले आणि अमेरिकेत सिअ‍ॅटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे हे तंत्र शिकून आले. थॉमस यांना पुढे १९९० मध्ये या कामासाठी नोबेल मिळाले. आज टाटाचे प्रत्यारोपण केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे.

हा उपचार मोठ्यांनाही उपयोगी पडतो. आधी केमोथेरपीने रोग आटोक्यात आणतात. काही प्रकारांत तेवढे पुरते. पण ज्यांच्यात रोग उलटण्याचा धोका जास्त, त्यांना डॉक्टर दात्याच्या मूळपेशींचा सल्ला देतात. रोग दबलेला असतानाच हे केले तर यशाची आशा जास्त असते. म्हणून दात्याचा शोध निदान होताच सुरू व्हावा.

पेशी जुळतात की नाही ते एचएलए नावाच्या तपासणीतून कळते. ही खूण अर्धी अम्मीकडून, अर्धी अब्बांकडून येते. त्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तीन भावंडे असली तर निदान एक तरी जुळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. रक्तगट वेगळा असला तरी चालते. उलट प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांनी रुग्णाचा रक्तगटच दात्यासारखा होतो! आपल्याकडे चुलत-मामे-आत्ये भावंडांत निकाह होतात. अशा घरांत कधी कधी सख्ख्यांबाहेरही जुळणारा दाता सापडतो. नात्यांची ही माहिती डॉक्टरांना लाजू नका, स्पष्ट सांगा.

१९८३ साली भावंड जुळले नाही तर दार जवळपास बंदच होते. आज तसे नाही. आई, वडील, मुलगा, मुलगी हे निम्मे तरी जुळतातच, आणि आता निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपण होते. शिवाय नोंदणीकृत अनोळखी दात्यांच्या याद्या आहेत. थोडक्यात, दाता बहुतेक घरांत असतो. अडते ते भीतीपाशी.

"पाठीच्या कण्यातून पाणी काढतात, माणूस अधू होतो", ही सर्वांत मोठी अफवा. कण्याला कुणी हात लावत नाही. बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, त्याने मूळपेशी हाडांतून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, पेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. चार-सहा तास लागतात. इंजेक्शनांमुळे अंग आणि डोके दुखते, ते काही दिवसांत थांबते. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. तीही काही आठवड्यांत पुन्हा भरून येते.

दुसरी भीती मुलींबाबतची. बहीण जुळली की घरात कुजबुज होते : "तिचे लग्न व्हायचे आहे", किंवा "सासरचे काय म्हणतील?" पेशी दिल्याने तिच्या मातृत्वाला बाधा येत नाही. गरोदर असेल तर मात्र डॉक्टर तिला दाता करत नाहीत. मुलगी म्हणून तिला रोखू नये, आणि मुलगी म्हणून तिच्यावर दबावही आणू नये. दात्याशी डॉक्टरांनी एकट्याने बोलावे, असे घरच्यांनीच सांगावे. कुणी नाही म्हटले तर त्याला आयुष्यभर टोमणे मारू नयेत.

शरीअतविषयीही विचारले जाते. १९८८ मध्ये जेद्दाहला आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने रक्त-त्वचेसारखा पुन्हा तयार होणारा भाग दुसऱ्याला देणे जाइज ठरवले. अट अशी की दाता स्वतःचा निर्णय घेण्यास समर्थ असावा आणि शरीअतच्या इतर अटी पाळल्या जाव्यात. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण त्यात आठवडे घालवू नका.

घरच्यांनी आणखी काही गोष्टी जपाव्यात. आजाराची बातमी कळताच नातेवाईक रक्त द्यायला धावतात. पण जवळच्या नातेवाइकाचे रक्त थेट रुग्णाला दिले तर पुढे त्याच्याच पेशी शरीर नाकारू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. तरुण रुग्णाने उपचारांपूर्वीच अपत्यप्राप्तीबद्दल बोलून घ्यावे, कारण या औषधांनी ती क्षमता जाऊ शकते. खर्च अनेक लाखांचा असतो. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून मुख्यमंत्री आणि पंतप्रधान निधीचे अर्ज करता येतात. गरजू रुग्ण जकातीचा हकदार असेल तर तिथेही हात आखडू नये.

आणि इयादत. आजाऱ्याला भेटणे आपल्यात पुण्याचे मानतात. पण प्रत्यारोपणानंतर कित्येक महिने रुग्णाची प्रतिकारशक्ती तान्ह्या बाळासारखी असते, लहानपणीच्या लसीही पुन्हा घ्याव्या लागतात. सर्दी झालेला एक पाहुणा त्याच्या जिवावर बेतू शकतो. फोनवरून विचारपूस करा, दुआ घरी बसून करा. बाजारची मिठाई नको, घरचे ताजे शिजवलेले अन्न द्या.

हा उपचार हमी नव्हे. दात्याच्या पेशी रुग्णाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करू शकतात. रोग पुन्हा उलटू शकतो. काहीजण यातून वाचत नाहीत, हे डॉक्टर आधीच सांगतात. शिफा अल्लाहच्या हाती आहे. पण तपासणीसाठी थोडेसे रक्त देणे आपल्या हाती आहे.

तेव्हा "भावंडे किती?" असा प्रश्न कुणाच्या घरी आला, तर संख्या सांगून थांबू नका. त्याच आठवड्यात सगळ्यांनी तपासणीला जा.