स्क्रूजचा कोळसा आणि शिरढोणचा कारकून

दिवाळीच्या आधीचा रविवार. स्वयंपाकघरातून चकलीचा खमंग वास येत होता आणि मी नुकताच दुपारच्या डुलकीच्या तयारीत होतो. इतक्यात आमची पुतणी कागद-पेन घेऊन समोर येऊन बसली. पनवेलात उभा जन्म मास्तरकी केलेल्या माणसाची घरात एरवी कुणाला आठवण होत नाही. निबंध आला की हटकून होते!

विषय होता चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या छोटेखानी कादंबरीतील नैतिक शिकवण. मुद्दे तिने आधीच काढले होते. लोभ वाईट, गरिबांवर दया करावी, पैशाने सुख मिळत नाही, माणूस सुधारू शकतो. चारही मुद्दे बिनतोड. पण तेच चार मुद्दे इसापाच्या गोष्टींनाही चालले असते आणि कीर्तनालाही.

“हे राहू दे,” मी म्हटले. “पुस्तक मिटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर काय राहिले, ते सांग.”

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, “कोळसा, काका.”

मी सावरून बसलो. पोरीने नेमके बोट ठेवले होते! लंडनची कडाक्याची थंडी. पेढीचा मालक स्क्रूज कोळशाची पेटी आपल्या खोलीत ठेवून घेतो आणि आठवड्याला पंधरा शिलिंगांवर राबणारा त्याचा कारकून बॉब क्रॅचिट मेणबत्तीवर हात शेकू पाहतो. नाताळच्या दिवसाची रजा मागितली तर मालक कुरकुरतो की, काम न करता पगार घेणे म्हणजे दरवर्षी माझा खिसा कापणेच. शेवटी रजा देतो. पण दुसऱ्या दिवशी तेवढे लवकर यायचे, या बोलीवर!

“निबंध इथून सुरू कर,” मी सांगितले. “आधी कोळसा, मग शिकवण.”

त्याच रात्री स्क्रूजचा मेलेला भागीदार मार्ले भूत होऊन येतो. त्याच्या अंगाभोवती साखळी, आणि तिला लटकलेल्या तिजोऱ्या, किल्ल्या, जमाखर्चाच्या वह्या. लक्ष्मीपूजनाला चोपड्या पुजणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणावेच. पाठोपाठ भूत, वर्तमान आणि भविष्य काळांचे तीन आत्मे येतात. आता गंमत पाहा. स्क्रूजला पहिला पाझर फुटतो तो भीतीने नव्हे. शाळेत एकटाच मागे राहिलेला लहानपणचा स्क्रूज त्याला दिसतो, आणि त्याच संध्याकाळी दारात गाणे म्हणायला आलेल्या ज्या पोराला त्याने पिटाळले होते, ते पोर त्याला आठवते. त्याला काहीतरी द्यायला हवे होते, असे तो पुटपुटतो. स्वतःचे दुःख आठवले, तेव्हा कुठे दुसऱ्याचे दिसले.

डिकन्सला हे ऐकून ठाऊक नव्हते. 1824 साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा हा मुलगा बुटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागला. पुढे हे पुस्तक त्याने साधारण सहा आठवड्यांत लिहिले. 19 डिसेंबर 1843 ला ते निघाले आणि नाताळच्या आत सहा हजार प्रती संपल्या.

“आता मधला भाग,” पुतणी म्हणाली. “बाई सांगतात, आपल्याकडचे उदाहरण घाला.”

उदाहरण तर अंगणातच होते. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. हे पुस्तक निघाल्यावर दोन वर्षांच्या आत, 4 नोव्हेंबर 1845 ला, तिथे वासुदेव बळवंत फडके जन्मले. तेही बॉबसारखे कारकूनच; पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात पंधरा वर्षे त्यांनी लेखणी चालवली. आई अखेरच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी रजा मागितली. रजेचा कागद वेळेवर मंजूर झाला नाही, आणि मायलेकरांची शेवटची भेट झालीच नाही.

“पण काका, एका रजेसाठी कुणी बंड करते का?”

प्रश्न रास्त होता. नाही करत. 1876-77 च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना फडक्यांनी पाहिली. रामोशी, कोळी, धनगरांना जमवून 1879 मध्ये शस्त्र उचलले ते त्या आगीने. जुलैत ते पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 ला दूर एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला. पण सरकार म्हणजे काय, हे त्या कारकुनाला त्या रजेच्या कागदाने आधीच शिकवले असणार, असे आपले मला वाटते.

पुतणीने तेवढ्यात एक ओळ खरडली. “म्हणजे स्क्रूज एकटा होता म्हणून सुधारला. खाते असते, तर भुते कुणाच्या उशाशी गेली असती?”

मास्तर म्हणून मी तिथेच गार झालो! तरी डिकन्सची बाजू घेणे भाग होते. दुसरा आत्मा आपल्या झग्याखालून दोन हडकलेली मुले दाखवतो. मुलाचे नाव अज्ञान, मुलीचे अभाव. एकट्या स्क्रूजने पगार वाढवून आणि भलामोठा टर्की पाठवून ती दोघे धष्टपुष्ट होत नाहीत, हे डिकन्सला कळत होते. मात्र उपाय त्याने एका माणसाच्या काळजावरच सोडला. “हा तुझा चौथा परिच्छेद,” मी म्हटले. “त्याच्याशी भांडलीस तरी चालेल. पण भांडण पुरावे देऊन.”

एवढ्यात भांडी आटोपून कामाच्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. भाऊबीजेला भावाकडे पेणला जायचे होते. एक दिवस सुट्टी हवी होती.

“जा की,” आमची सौभाग्यवती आतूनच म्हणाली. “फक्त दुसऱ्या दिवशी जरा लवकर या हं! भांड्यांचा ढीग पडलेला असेल.”

पुतणीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र उघडले. तिने कागदावर पाचवा आकडा घातला आणि पुढे काहीतरी लिहू लागली.

“काय गं लिहितेस?” मी विचारले.

“काही नाही काका. दाखवीन नंतर,” ती म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरात काकूकडे गेली. दोघी बराच वेळ हलक्या आवाजात बोलत होत्या. मग चकलीचा सोऱ्या तसाच टाकून, पिठाच्या हातांनी सौभाग्यवती लगबगीने बाहेर आली आणि जिन्यात वाकून हाक मारू लागली, “अहो मावशी, थांबा जरा!”