मेंदूच्या तटबंदीपलीकडे

२० ऑगस्ट २०१५. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी पत्रकारांना शांतपणे सांगितलं, की त्यांचा मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, मेंदूत पोचलाय. चार ठिपके, प्रत्येक जेमतेम दोन मिलिमीटरचा. वय नव्वद!

मेंदूत गेलेला कर्करोग इतका अवघड का? १८८५ मध्ये शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच! मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की त्यांची जणू भिंतच होते आणि रक्तातली बहुतेक रसायनं बाहेरच थोपवली जातात. केमोथेरपीची बरीच औषधंही त्यात आली. कर्करोगाची पेशी मात्र फटीतून शिरते. चोर आत, पोलीस बाहेर. गाठ वाढली की तिथली भिंत गळू लागते, पण सगळीकडे सारखी नाही. म्हणून औषध पोचलं तरी अर्धवट.

मग किरण वापरले तर? त्यांना ही भिंत अडवत नाही, पण वाटेतल्या निरोगी मेंदूचं काय? स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये यावर जी कल्पना मांडली, तिला माझा सलाम. त्यांच्या पुढच्या ‘गामा नाइफ’ यंत्रात कोबाल्टचे जवळपास दोनशे क्षीण किरण वेगवेगळ्या दिशांनी येतात. एकेकटा फारसं बिघडवत नाही. सगळे जिथे भेटतात तिथेच मारा होतो. नाव ‘नाइफ’, पण कवटीला भोक नाही!

कार्टर यांना नेमक्या जागी किरण दिले, जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब. हे औषध स्वतः गाठ मारत नाही. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींवरचा ‘पीडी-१’ नावाचा ब्रेक ते सोडवतं, आणि चेतलेल्या टी-पेशी ती तटबंदी ओलांडू शकतात. डिसेंबरमधल्या स्कॅनमध्ये ठिपके दिसले नाहीत. कार्टर शंभर वर्षं जगले.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही खरं. गाठी किती, केवढ्या, मूळ कर्करोग कुठला, यावर सारं ठरतं. फुप्फुसाच्या कर्करोगात ‘ईजीएफआर’ जनुकात बदल असेल, तर ऑसिमर्टिनिबची गोळी मेंदूपर्यंत पोचते. म्हणून घरात कुणावर ही वेळ आलीच, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: गाठीची जनुकीय तपासणी झाली का? आणि पूर्ण मेंदूऐवजी फक्त गाठींवर किरण देता येतील का?