दूरचित्रवाणी संचाचे चित्र-समायोजन : पाळीच्या कामाचा संदर्भ

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील कामगार कुटुंबांत एकच दूरचित्रवाणी संच दोन भिन्न प्रकाशांत पाहिला जातो. रात्रपाळीहून परतलेला कामगार तो भर दुपारी पाहतो, इतर मंडळी रात्री. साहजिकच एकच समायोजन दोहोंस पुरत नाही.

खरी अडचण नावांत आहे. अनेक संचांत ‘ब्राइटनेस’ने उजेड नव्हे, तर काळ्या रंगाची पातळी ठरते. ती वाढविल्यास काळे राखाडी दिसते. फार घटविल्यास सावलीतील तपशील, विशेषतः काळे केस व गडद वस्त्रांच्या चुण्या, लोपतात. उजेड ‘बॅकलाइट’ने दुपारी वाढवावा, रात्री कमी करावा, त्यात विजेचीही बचत होते. (काही नव्या संचांत मात्र बॅकलाइटलाच ‘ब्राइटनेस’ म्हटले आहे. ग्राहकाची ही निष्कारण दिशाभूल होय.)

‘व्हिव्हिड’ पद्धती दुकानाच्या झगझगाटासाठीच योग्य. घरी ‘सिनेमा’ पद्धती व ‘वॉर्म’ रंगछटा निवडावी. प्रक्षेपणातील पांढरा रंग सुमारे ६५०० केल्व्हिन रंगतापमानास प्रमाणित असल्याने ‘वॉर्म’ त्याच्या अधिक जवळ जाते. आरंभी चित्र पिवळट भासते. काही दिवसांत डोळा रुळतो.

चित्रपट सेकंदास २४ चौकटींचा असतो. संचाने मध्ये कृत्रिम चौकटी घातल्यास तो मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ती सोय चित्रपटापुरती बंद करावी, क्रिकेटसाठी ठेवण्यास हरकत नाही.